जाळं कापण्याआधीची दोन मिनिटं

होडी किनाऱ्याला लागली म्हणजे माणसं सुटली. देवमासा किनाऱ्याला लागला म्हणजे तो संपला. क्रियापद एकच, पण वसईच्या किनाऱ्यावर त्याचे हे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात.

सप्टेंबर 2021 मध्ये वसईतल्या मर्देसच्या किनाऱ्यावर सुमारे 40 फूट लांबीचा देवमासा असाच लागला. मेलेला, कुजायला लागलेला. अशा वेळी पुढचं सगळं ठरलेलं असतं. आधी वास येतो, मग बातमी, मग गर्दी. लोक नाकाला रुमाल बांधून मोबाइल उंच धरतात, लहान पोरांना खांद्यावर बसवून दाखवतात. पाठोपाठ वनखात्याची माणसं, पोलीस, पशुवैद्य. शेवटी जेसीबी येतो आणि वाळूत खड्डा होतो. दोन-तीन भरत्या गेल्या की तिथं काही घडलं होतं याची खूणही उरत नाही.

जगातल्या सर्वांत मोठ्या प्राण्यांशी आपली ओळख आहे ती अशी, फक्त अंत्ययात्रेपुरती. जून 2015 मध्ये रेवदंड्याला निळा देवमासा उथळ पाण्यात अडकला. गावकऱ्यांनी आणि कोळ्यांनी त्याला परत लोटायचा जिवापाड प्रयत्न केला. तो वाचला नाही. जानेवारी 2016 मध्ये जुहूला ब्रायड जातीचा देवमासा आला, तो मेलेलाच. 2023 च्या ऐन दिवाळीत गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत रुतलं. सुट्टीवर आलेले पर्यटक, मच्छीमार, वनखातं, सगळे राबले. ओल्या कापडांनी पिल्लाचं अंग झाकलं, पाणी ओतत राहिले, अखेर बोटीनं ओढून त्याला खोल पाण्यात नेलं. तेव्हा टाळ्या वाजल्या. पुढं त्याचंही प्रेतच किनाऱ्यावर आलं.

पण या जनावरांना जिवंत भेटणारा एक माणूस आहे. त्या भेटीला गर्दी नसते, कॅमेरा नसतो, बहुतेक वेळा उजेडही धड नसतो. तो माणूस म्हणजे बोटीवरचा तांडेल. जाळं वर येताना भलतंच जड लागतं, पाण्याखाली काहीतरी मोठं उलटंपालटं होतं, खलाशी तांडेलाकडे बघतात. पुढच्या दोन मिनिटांत काय ते ठरतं. वन्यजीव कायदा, आंतरराष्ट्रीय लाल यादी आणि शास्त्रज्ञांचे अहवाल या सगळ्यांचा भार त्या दोन मिनिटांत एका सुरीच्या पात्यावर येऊन पडतो.

भरतीचं जाळं

नायगाव, पाचूबंदर, किल्लाबंदर, अर्नाळा ही बंदरं मुख्यतः डोलकरांची. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेची; दोन्ही खाड्या गाळ आणि अन्न समुद्रात आणून ओततात. या गढूळ, सकस पाण्यात बोंबील, जवळा, मांदेली, करंदी पोसली जाते आणि ती धरायला डोल लागते. डोल म्हणजे लांबच लांब पिशवी. तोंड रुंद, शेपटाकडे निमुळती होत गेलेली, आसही तशीच बारीक होत जाणारी. समुद्राच्या तळात कव ठोकायची, तिला जाळं बांधायचं आणि प्रवाहाकडे तोंड करून ठेवायचं. मासळीमागे धावायचं नाही. पाणीच ती आणून देतं. म्हणून उधाणाचे दिवस कामाचे आणि मंद ओढीच्या भांगाचे दिवस जाळी शिवायचे.

ही कव कुणी कुठं मारायची यावरून वसई-उत्तनच्या आणि सातपाटी-डहाणूकडच्या मच्छीमारांत वर्षानुवर्षं वाद चालत आला आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं, एवढा अफाट दर्या, त्यात भांडण कसलं? पण मासळी सगळ्या दर्यात सारखी पसरलेली नसते. ती काही पट्ट्यांतच असते, आणि मासळी जिथं, तिथंच डॉल्फिन, तिथंच मुशी, तिथंच कासव. संकटग्रस्त प्राणी आणि कोळी यांची गाठ पडते ती योगायोगानं नव्हे. दोघांचं ताट एकच आहे.

आपल्या किनाऱ्यालगत दिसणारा कुबड्या डॉल्फिन याचं चांगलं उदाहरण. पाठीवर उंचवटा, रंग शिशासारखा. खोल समुद्रातला डॉल्फिन जहाजापुढे कोलांट्या मारतो. हा मात्र किनारा धरून, खाडीच्या तोंडाशी, उथळ पाण्यात राहतो. म्हणजे जिथं जाळी सर्वांत दाट, बोटींची ये-जा सर्वांत जास्त आणि शहराचं सांडपाणी सर्वांत घट्ट, नेमका तिथंच त्याचा संसार. हिंदी महासागरातली ही जात आंतरराष्ट्रीय लाल यादीत 'संकटग्रस्त' आहे. तिच्याच पाण्यात पाठीवर पर नसलेला, बुजरा, बुटका शिंशुक राहतो. तो श्वासाला वर आला तरी पाणी जेमतेम हलतं. वाळूवर मेलेला सापडेपर्यंत तो आपल्या समुद्रात आहे हे अनेकांना ठाऊकच नसतं.

हळदकुंकवाचं कासव

कासवाचं मात्र वेगळं आहे. ते विष्णूचा अवतार. जाळ्यात आलं तर त्याच्या पाठीवर हळदकुंकू वाहून पाण्यात सोडायची रीत किनाऱ्यावरच्या हिंदू कोळ्यांत जुनी आहे. आपल्याकडे प्रामुख्यानं येणारं ऑलिव्ह रिडले हे कासव दोन-अडीच फुटांचं असतं, वजन 35 ते 45 किलो. जन्म वाळूत, आयुष्य पाण्यात आणि श्वास हवेतला. शेवटची गोष्ट त्याच्या जिवावर उठते. निवांत असताना ते बराच वेळ पाण्याखाली राहू शकतं, पण जाळ्यात अडकून धडपडू लागलं की अंगातला प्राणवायू भराभर संपतो. पाण्यातलं जनावर पाण्यातच बुडून मरतं.

इथं एक बारीक गोष्ट प्रत्येक बोटीवर माहीत असायला हवी. जाळ्यातून निपचित निघालेलं कासव मेलेलंच असेल असं नाही. ते बेशुद्ध असू शकतं. लगेच पाण्यात टाकलं तर खरंच बुडतं. त्याला पोटावर ठेवून मागची बाजू थोडी उंच करायची म्हणजे फुप्फुसातलं पाणी निघतं. अंग ओलं आणि सावलीत ठेवायचं, आणि वाट पाहायची. कधी तासाभरात, कधी पुष्कळ उशिरानं ते मान हलवतं. देव म्हणून तातडीनं सोडण्यापेक्षा आजारी पाहुणा म्हणून ठेवून घेणं अनेकदा जास्त पुण्याचं.

पावसाळ्यात जखमी कासवं किनाऱ्यावर येतात. कुणाचा वल्ह्यासारखा पाय जाळ्याच्या तुकड्यानं कापलेला, कुणाच्या पाठीला बोटीच्या पंख्याचा घाव, कुणाला फुप्फुसाचा विकार जडल्यानं बुडी मारता येत नाही म्हणून नुसतं तरंगत आलेलं. समुद्रात तुटलेली, टाकून दिलेली नायलॉनची जाळी यात मोठी अपराधी आहेत. मालक घरी गेला तरी त्यांची मासेमारी चालूच असते. अशा कासवांसाठी पालघर जिल्ह्यात डहाणूला वनखातं आणि तिथली वन्यजीव कल्याण संस्था मिळून उपचार केंद्र चालवतात. 2013 पासून विरारची लोकल डहाणूपर्यंत जाऊ लागली. त्याच वाटेवर, रुळांच्या पश्चिमेला, पाय गमावलेली कासवं हौदात पुन्हा पोहायला शिकतात ही कल्पना गाडीतल्या गर्दीत उभ्या असलेल्या फार थोड्यांना असेल.

ही कासवं कुणाची? आपण म्हणतो कोकणची. 2022 च्या सुरुवातीला वेळास, आंजर्ले आणि गुहागर इथल्या 5 माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं बसवली. त्यांना प्रथमा, सावनी, वनश्री, रेवा, लक्ष्मी अशी नावं दिली. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली बागेश्री दक्षिणेला गेली आणि श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात पोचली. उलट दिशेची गोष्ट तर याहून नवलाची. मार्च 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांच्या कासवांची घराणी वेगळी, या समजाला तिनं धक्का दिला. म्हणजे अर्नाळ्याच्या तांडेलानं आज सोडलेलं कासव उद्या कुणाच्या समुद्रात असेल याचा नेम नाही.

उलट, इथं मेलेल्या कासवाचा हिशेबही दूरवर पोचतो. कासवाला निसटायला वाट ठेवणारी चौकट ट्रॉल जाळ्यांत बसवली जात नाही, या कारणावरून अमेरिकेनं 2019 पासून भारताच्या समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं बंद केलं. लोखंडी गजांच्या त्या चौकटीतून कोळंबी मागे पिशवीत जाते, कासव गजांना अडून वरच्या झडपेतून बाहेर पडतं. चौकट साधी आहे. ती बसवल्यानं थोडी मासळी निसटते, एवढीच अडचण. पण 'थोडी' या शब्दाचा अर्थ डिझेलचं बिल भरणाऱ्याला विचारावा.

मुशीचं कालवण

आता ज्यांना हळदकुंकू मिळत नाही त्यांच्याविषयी. मुशीला कोणी देव मानत नाही. तिचं कालवण होतं, खारवून सुकवलेली मुशी पावसाळ्याची बेगमी असते, बाळंतिणीला दूध यावं म्हणून ती मुद्दाम खायला घालतात. किनाऱ्यावरच्या घरांत 'शार्क वाचवा' हे वाक्य आधी नीट ऐकूच येत नाही, कारण शार्क म्हणजे सिनेमातली राक्षसीण आणि मुशी म्हणजे आपल्या पाटीतली मासळी, हे दोन वेगळे प्राणी आहेत असाच समज असतो.

मुशी आणि पाकट यांचं दुखणं त्यांच्या वंशवाढीत आहे. बोंबील-मांदेली भराभर वाढतात, अंडीही भरपूर घालतात. हंगाम फुकट गेला तरी पुढचा भरून काढतो. मोठ्या मुशी वयात यायलाच वर्षं लागतात आणि पिल्लं मोजकी. व्याजावर जगायचं सोडून मुद्दल मोडावं, तसं त्यांच्या मासेमारीत होतं. हातोडीसारख्या डोक्याची कानमुशी, गिटारीच्या आकाराचे पाकटांचे भाऊबंद, करवतीसारखी लांब सोंड असलेला करवत मासा यांतल्या अनेक जाती आज लाल यादीच्या सर्वांत वरच्या, 'अतिसंकटग्रस्त' रकान्यात आहेत. करवत माशाचं तर हत्यारच त्याचा फास झालं. ज्या दात्यांनी तो मासळीच्या थव्यात वार करतो, तेच दाते नायलॉनच्या जाळ्यात असे गुंततात की सोडवणं जवळजवळ अशक्य. करवत बघितलेला कोळी आज शोधायचा तर वयस्क माणसांतच शोधावा लागेल.

कायद्याची चालही इथं पाहण्यासारखी आहे. महाकाय पण निरुपद्रवी अशा व्हेल शार्कला मे 2001 मध्ये वाघाच्या बरोबरीचं संरक्षण मिळालं. त्याच वर्षी जुलैत सरकारनं एका फटक्यात सगळ्याच मुशी आणि पाकटांवर बंदी घातली. किनाऱ्यांवर एवढा गदारोळ झाला की डिसेंबरपर्यंत ती यादी 10 जातींवर आली. 2015 मध्ये मुशीच्या परांच्या निर्यातीवर बंदी आली. 2022 ची कायदादुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि संरक्षित यादी पुन्हा लांबली. कागदावर हे बरोबरच आहे. पण पहाटेच्या अंधारात, हलत्या बोटीवर, दीड हात लांबीचं पिल्लू यादीतल्या जातीचं की यादीबाहेरचं हे ओळखायचं कुणी? यादी शास्त्रीय नावांची, बंदरावरची नावं वेगळी, आणि एकाच नावाखाली चार जाती. कायदा मोडला जातो तो दर वेळी लोभानं नव्हे. पुष्कळदा तो भाषेच्या फटीतून निसटतो.

पंचवीस हजारांची सुरी

डिसेंबर 2018 मध्ये महाराष्ट्र सरकारनं एक शहाणपणाची गोष्ट केली. संरक्षित प्राणी जाळ्यात अडकला आणि मच्छीमारानं जाळं कापून त्याला सोडलं, तर नुकसानीपोटी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई. अट एवढीच की सुटकेचं छायाचित्र किंवा चित्रफीत हवी. व्हेल शार्क, डॉल्फिन, कासवं यांना या योजनेनं जीवदान मिळालं आणि पालघर जिल्ह्यातल्या, विशेषतः डहाणूकडच्या मच्छीमारांनी त्यात मोठा वाटा उचलला.

या योजनेचं मोल रकमेत नाही, कबुलीत आहे. प्राणी वाचवण्याचा खर्च कुणीतरी देतं आणि तो शहरात बसून हळहळणारा माणूस देत नाही, हे सरकारदरबारी मान्य झालं. एरवी हिशेब सरळ होता: कासव वाचलं तर समाधान सगळ्यांचं आणि फाटलेलं जाळं एकट्याचं. मोठ्या जाळ्याची किंमत पंचवीस हजारांपेक्षा कितीतरी जास्त असते. शिवाय कापलेल्या जाळ्यातून कासवाबरोबर त्या दिवसाची मासळीही जाते. डिझेल जळून गेलेलं असतं, खलाशांचा वाटा देणं असतं. आणि लाटेवर डोलणाऱ्या बोटीत एका हातात सुरी, दुसऱ्या हातात जाळं असताना मोबाइल धरायचा तिसरा हात शोधावा लागतो.

तरीही तांडेल जाळं कापतात. काही देवाला भिऊन, काही कायद्याला, काही नुसतं त्या डोळ्यांकडे पाहून. जाळ्यातल्या डॉल्फिनचा श्वास माणसासारखा ऐकू येतो. तो ऐकणाऱ्याला पत्रकाची गरज नसते.

देवमाशाची उलटी

देवमाशाच्या बाबतीत मात्र बातम्यांचा सूर वेगळा असतो. वर्तमानपत्रांत त्याचं नाव येतं ते 'उलटी'साठी. दातांच्या देवमाशाच्या आतड्यात माकूळ जातीच्या प्राण्यांच्या न पचलेल्या चोचींभोवती साचणारा हा मेणचट गोळा अत्तराच्या धंद्यात सोन्याच्या मोलाचा, म्हणून मुंबई-ठाण्याच्या परिसरात तस्करीच्या अटका होत असतात. भारतात त्याचा व्यापार गुन्हा आहे. ज्या जनावराला आपण देव म्हणतो, त्याच्या पोटातल्या गोळ्याची किंमत चोरबाजाराला पाठ आहे. ते आपल्या समुद्रात किती उरलं आहे याची फिकीर कुणाला नाही.

अरबी समुद्रातल्या कुबड्या देवमाशांची कथा ऐकण्याजोगी आहे. जगभरचे त्यांचे भाईबंद थंड समुद्र आणि उष्ण समुद्र यांत दरवर्षी हजारो मैल ये-जा करतात. आपले मात्र इथंच राहतात. मोसमी वाऱ्यांनी तळातलं अन्न वर येतं, त्यावर त्यांचं भागतं. 1965-66 मध्ये सोव्हिएत जहाजांनी बेकायदा शिकार करून ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या समुद्रात 242 कुबडे देवमासे मारले आणि ही गोष्ट अनेक वर्षं दडवून ठेवली. तो घाव भरून आलेला नाही. आज ओमानलगतची त्यांची संख्या शंभराच्याही खाली असल्याचा अंदाज आहे. तिथं उपग्रह-यंत्र लावलेली लुबान नावाची मादी 2017 च्या अखेरीस अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याकडे आली आणि दक्षिणेला कन्याकुमारीच्या दिशेनं गेली. मुंबई बंदरात शिरणारी जहाजं आणि ती एकाच पाण्यात होती. तिचा मार्ग नकाशावर होता म्हणून कळलं तरी. तिच्यासारख्या बाकीच्यांना जहाजाची धडक बसली तर ती कुणाच्या वहीत लागते? आपल्याला दिसतं ते आठवड्यानं, नैऋत्येच्या वाऱ्यानं किनाऱ्यावर ढकललेलं प्रेत.

जाळ्याबाहेरची संकटं

सगळा दोष जाळ्यावर टाकणं सोयीचं आहे, कारण जाळं गरिबाच्या हातात असतं. पण भुईगाव, राजोडी, कळंब, अर्नाळ्याच्या वाळूवर पावसाळ्यात जे काळे चिकट तेलगोळे येतात ते डोलकरांनी टाकलेले नसतात. ते जहाजांच्या आणि तेलाच्या व्यवहाराचं देणं. 2011 च्या जनगणनेतच वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या 12 लाखांवर गेली होती. त्यानंतर उगवलेल्या इमारतींचं मैलापाणी शेवटी खाडीलाच मिळतं. वर तारापूरच्या कारखान्यांचं सांडपाणी. त्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. समुद्राचं वकीलपत्र पुन्हा मच्छीमारांनीच घेतलं.

वाळूचंही तसंच. खाड्यांतला बेसुमार रेतीउपसा आणि खचणारा किनारा यांचं नातं किनाऱ्यावरच्या बाईमाणसाला सांगावं लागत नाही. तिनं सुरूची झाडं एकेक करून मुळासकट आडवी होताना पाहिली आहेत. मार्च 2018 मध्ये वर्सोव्याच्या स्वच्छ केलेल्या किनाऱ्यावरून ऑलिव्ह रिडलेची सुमारे 80 पिल्लं समुद्रात गेली, तेव्हा सारी मुंबई हरखली. वर्सोवा ते वसई हे कासवाला काहीच अंतर नाही. पण अंडी घालायला मादीला अंधार लागतो, मोकळी कोरडी वाळू लागते. आपण तिच्यासाठी ठेवल्या आहेत त्या गाड्यांच्या चाकोऱ्या, रिसॉर्टचे दिवे आणि समुद्राकडे तोंड करून घातलेल्या दगडी भिंती.

आणि आता वाढवण. 76,200 कोटींच्या या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळानं जून 2024 मध्ये मंजुरी दिली, ऑगस्टच्या अखेरीस पालघरला त्याची पायाभरणी झाली. 1,448 हेक्टर समुद्र भरून जमीन होणार. इकडे वसईपुढच्या पाण्यात उत्तन-विरार सागरी सेतूचे खांब आखले जात आहेत. खोदकामाचा गाळ, खांब ठोकण्याचे आवाज, महाकाय जहाजांच्या रांगा: डॉल्फिन कानानं बघतो, त्याच्यासाठी हा गोंगाट म्हणजे आंधळेपण. एका बाजूला एका कासवासाठी जाळं काप म्हणून तांडेलाला सांगायचं आणि दुसऱ्या बाजूला त्याचं मासेमारीचं क्षेत्रच भरून काढायचं, या दोन्ही गोष्टी सरकारदरबारातूनच निघतात. त्या एका टेबलावर कधी येतील?

पाटीपुढची दोन मिनिटं

सप्टेंबर 2023 मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच सुमारास 54 जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरला. पापलेट 135 मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर धरायचं नाही. 135 मिलिमीटर म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. बाजारात तळहातावर मावणारी पापलेटं वाट्यानं मिळतात, ती कुणी घेतो म्हणूनच मिळतात. बारीक आसाचं जाळं पापलेटाच्या पिल्लाला सोडत नाही, तेच मुशीच्या पिल्लालाही सोडत नाही. संकटग्रस्त प्राणी आणि रोजची मासळी अशी दोन खाती समुद्राला ठाऊक नाहीत. पापलेट मोठं होऊ दिलं तर बोटींना लांब जावं लागणार नाही, जाळं दिवसेंदिवस बारीक करावं लागणार नाही, आणि कासवाची वाटही आपोआप थोडी रुंद होईल. म्हणजे कोळणीच्या पाटीपुढे उभं राहून भाव करताना आपल्यालाही दोन मिनिटं मिळतात. फरक एवढाच की आपल्या हातात सुरी नसते आणि आपलं काही फाटत नाही.

भांगाच्या दिवशी पाचूबंदरच्या किंवा नायगावच्या धक्क्यावर जावं. जाळी पसरलेली असतात, माणसं पाय लांब करून बसलेली असतात, बोटं दोऱ्यावरून चालत असतात. बहुतेक भोकं दगडानं, खडकानं, वापरानं पडलेली, वेडीवाकडी. एखादं मात्र मोठं, कडा सरळ कापलेल्या. तिथं नवा दोरा घातला की रंगाचं ठिगळ उठून दिसतं. त्या भोकाची बातमी झालेली नसते, बघायला गर्दी जमलेली नसते, जेसीबी मागवावा लागलेला नसतो. त्यातून काहीतरी मोठं जिवंत बाहेर गेलेलं असतं, एवढंच.